पाण्यात न उतरताच मिळालेलं डायव्हरचं सर्टिफिकेट

माझ्या भाच्याकडे 'ओपन वॉटर डायव्हर' असं छापलेलं, सोनेरी शिक्क्याचं स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट आहे. समुद्रात तो आजवर गुडघाभर पाण्यापलीकडे गेलेला नाही. मी आणि तो एकाच बॅचमध्ये होतो. हे कसं जमलं ते सविस्तर लिहिते, कारण ते सर्टिफिकेट देणारा एजंट ठाण्यात अजून बॅचेस भरतो आहे.

ऑफिस गोखले रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. भिंतीभर प्रवाळांचे आणि कासवांचे फोटो. योजना अशी: ठाण्यात पूल ट्रेनिंग, मग अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, समुद्रातलं डायव्हिंग, आणि परत येताना हातात 'इंटरनॅशनल लायसन्स'. माणशी ३८ हजार, विमानभाडं वेगळं. "ताई, एकदा कार्ड मिळालं की जगात कुठेही डाइव्ह करा, आयुष्यभर चालतं." कार्डाबद्दलचं हे वाक्य मात्र खरं आहे. अशा माणसांचं निम्मं बोलणं खरंच असतं, म्हणून तर उरलेलं निम्मं खपतं.

पैसे यूपीआयने घेतले, तेही कंपनीच्या नव्हे तर कुणा बाईंच्या नावावरच्या खात्यात. पावतीवर लिहिलं 'अंदमान टूर व वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी'. कोर्स हा शब्द पावतीवर कुठेच नाही. तो फक्त बोलण्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर.

पूल ट्रेनिंग झालं घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या छातीभर पाण्याच्या तलावात. मास्क लावला, तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं, अंगठा वर करू नका कारण पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो एवढं शिकवलं, फोटो काढले, संपलं. खऱ्या कोर्समध्ये याच टप्प्यावर घाम निघतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते नाकाने हवा सोडून बाहेर काढायचं, टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर सोडून पुन्हा शोधून लावायचा, हवा संपली असं समजून जोडीदाराच्या टाकीतून श्वास घ्यायचा. शिवाय न थांबता २०० मीटर पोहून दाखवायचं आणि १० मिनिटं तरंगायचं. आमच्यातल्या काहींना पोहताच येत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

हॅवलॉकला एजंटचा एक 'को-ऑर्डिनेटर' सोबत होता. तिथलं डाइव्ह सेंटर वेगळ्या लोकांचं, आणि माणसं नेकीची निघाली. वेळापत्रकात सकाळी डाइव्ह आणि त्याच दुपारी मुंबईचं विमान होतं. सेंटरवाल्यांनी ते बघून डाइव्ह सरळ आदल्या दिवशी घेतली. डाइव्ह करताना शरीरात नायट्रोजन विरघळतो; तो निघून जाण्याआधी उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर १८ तास तरी विमान टाळायचं असतं. चार पैसे वाचवायला आमचा एजंट हा धोका आमच्या अंगावर टाकून मोकळा झाला होता.

मग तब्येतीचा फॉर्म आला. भाच्याला लहानपणापासून दमा, पंप अजून खिशात असतो. को-ऑर्डिनेटर हळूच म्हणाला, "दमा-बिमा लिहू नको रे, उगाच डॉक्टरचा कागद मागतील. सगळीकडे 'नो' कर." भाच्याने माझ्याकडे बघितलं आणि 'येस' लिहिलं. सेंटरने त्याला पाण्यात उतरवलं नाही, आणि बरोबरच केलं. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, आणि तिथून वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. आकसलेल्या श्वासनलिकेत ती अडकली तर फुप्फुस फाटू शकतं. को-ऑर्डिनेटरला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून बोलला, यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही.

मी उतरले. खाली जे दिसलं ते खोटं म्हणणार नाही. समुद्रफुलांच्या हलत्या बोटांत नारिंगी क्लाउनफिश, पलीकडे मेंदूसारख्या वळ्या असलेलं प्रवाळ. पण पूर्ण वेळ इन्स्ट्रक्टर माझी टाकी धरून होता. जणू मला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसवलेलं, जिथे ब्रेक शेजारच्याच्या पायाखाली. याला ट्राय डाइव्ह म्हणतात. नवख्या पर्यटकासाठी ती छान गोष्ट आहे, मालवणातही मिळते. मात्र तिने कुणी प्रशिक्षित डायव्हर होत नाही. त्यासाठी थिअरी, परीक्षा, पूलमधली सत्रं आणि समुद्रात चार डाइव्ह लागतात. नुसत्या समुद्रातल्या डाइव्हनाच किमान दोन दिवस. तेव्हा कुठे १८ मीटरपर्यंतचं कार्ड मिळतं.

ठाण्यात परतल्यावर सगळ्यांना पीडीएफ आली. भाच्यालाही. दिवसभर किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसलेला मुलगा ओपन वॉटर डायव्हर! आम्ही आधी हसलो. मग दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवल्या तर डायव्हर नंबर एकच. पॅडी या डायव्हिंगची सर्टिफिकेटं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे डायव्हरची आणि इन्स्ट्रक्टरची नोंद तपासता येते. तिथे आमचं कुणाचंच नाव नाही. सर्टिफिकेटखाली सही असलेल्या इन्स्ट्रक्टरचंही नाही. हॅवलॉकच्या सेंटरला फोन केला तेव्हा कळलं की आमच्यासाठी पैसे भरले होते ते फक्त ट्राय डाइव्हचे.

हा कागद भिंतीवर लावून ठेवण्यापुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. उद्या आमच्या बॅचमधला एखादा पोरगा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा थायलंडला जाईल, घाईतलं एखादं सेंटर नंबर न तपासता त्याला १८ मीटरवर नेईल, तिथे मास्कमध्ये पाणी शिरेल आणि तो श्वास रोखून वर धाव घेईल. फुप्फुसाला सर्वांत घातक तेच.

एजंटचं उत्तर: "सिस्टीममध्ये अपडेट व्हायला वेळ लागतो ताई." नंतर, "पुढच्या बॅचला फ्री या." नंतर फोनच बंद. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण हा व्यवहाराचा वाद आहे असं ऐकवलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यावर एजंटने भाच्याचे थोडे पैसे परत करायची तयारी दाखवली, अट एकच: तक्रार मागे घ्या. घेतली नाही. कुणी नुकतेच पैसे भरले असतील आणि माणूस गायब असेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

पैसे भरण्याआधी एवढं मागाच: इन्स्ट्रक्टरचा नोंदणी नंबर, समुद्रात किती डाइव्ह ते लेखी, आणि पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव. पोहता येतं का, दमा आहे का, हे ज्याने विचारलंच नाही त्याच्याकडून उठून या.

आता आम्ही ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. तेव्हा ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या ज्यांच्याकडे असा सोनेरी शिक्क्याचा कागद आहे त्यांनी आधी त्यावरचा नंबर तपासावा, आणि एजंटशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं काढून टाकू नये. कोर्स हा शब्द फक्त तिथेच सापडणार आहे.