हॅझर्डचं (धोकादायक मालाचं) चलान हातात पडलं: कोर्टात कबूल करून मोकळं व्हायचं का केस लढायची?

मागच्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला, माजलगावकडून इथेनॉलचा टँकर भरून मनमाडला निघाला होता आन गेवराईच्या अलीकडं अडवला. "मामा, टँकरवरच्या धोक्याच्या पाटीवरचा नंबर दिसंना म्हणून चलान केलंय, मालक म्हणतोय दहा हजार मी भरतो, तू नुसतं कोर्टात कबूल करून ये. करू का?" मी म्हणलं थांब, चलानावर कलम कोणतं लिवलंय ते वाच आधी. तर त्यानं ते वाचलेलंच नव्हतं.

आपले लोक रक्कम बघतात, कलम बघत नाहीत, आन सगळा खेळ तिथंच आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम १७७ असलं तर किरकोळ मामला, पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १,५००, तिथल्या तिथं तडजोड होती, भरा आन गाडी काढा, त्याच्यावर डोकं लावू नका. पण १९०(३) लिवलं असलं तर ते खास धोकादायक मालाचं कलम. २०१९ च्या दुरुस्तीआधी त्याला ३,००० पर्यंत दंड होता, आता पहिल्याच गुन्ह्याला १०,००० आन वर ३ महिने लायसन बाद, नाहीतर १ वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, आन दुसऱ्यांदा सापडलात तर कैद ३ वर्षांपर्यंत जाऊ शकते. आन हे जागेवर मिटत नाही. तडजोड कोणत्या गुन्ह्यात करता येती त्याची यादी कलम २०० मध्ये आहे, तिच्यात १९० मधलं (२) आहे, (३) नाही. म्हणून कोणी म्हणत असंल की लोकअदालतीत निम्म्यात मिटवून देतो, तर त्याला विचारा कसं, कारण जो गुन्हा तडजोडीचाच नाही तो लोकअदालतीपुढं चालतच नाही.

मंग राहिले दोनच रस्ते.

कबुलीचा रस्ता सोपा दिसतो आन खरंच सोपा आहे. एक तारीख, कधीकधी अर्ध्या दिवसात काम होतं, वकिलाची फी नाही म्हणली तरी चालती, दुसऱ्या दिवशी माणूस परत खेपेवर. निदान तसं वाटतं तरी. पण दंडासोबत ३ महिने लायसन गेलं तर खेप कशाची मारता? मालक दहा हजार भरतो पण तीन महिन्याचा पगार आन भत्ता भरतो का, हे कोणी विचारत नाही. त्यात कबूल केलेल्या गुन्ह्यावर पुढं अपील जवळपास राहत नाही, शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला सोडून झाली एवढंच भांडता येतं, गुन्हा केलाच नव्हता हे नंतर सांगता येत नाही. आन तुमच्या नावावर पहिला गुन्हा लागला की पुढच्या वेळी दुसऱ्या गुन्ह्याचं माप. दंडाची पावती मालकाच्या फायलीत जाती, गुन्हा मात्र तुमच्या नावावर.

लढायचं म्हणलं तर त्याचाबी हिशोब आहे, उगं मिशीला पीळ द्यायला जाऊ नका. जिथं गाडी धरली तिथल्या कोर्टात चालतं, म्हणजे नांदेडचा ड्रायव्हर गेवराईच्या तारखा करणार, एसटीनं सकाळी निघायचं, बारापर्यंत बाकड्यावर, आन साहेब रजेवर म्हणून पुढची तारीख. प्रत्येक तारखेला एक खेप बुडती. वकील लागतोच. परवडत नसंल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर फुकट वकील मिळतो, एससी-एसटीचे असलात तर त्या गटातूनबी बसता, हे लई जणांना माहीतच नसतं.

आता कामून लढायचं आन कवा नाही, तर ते चूक कोणाची याच्यावर आहे. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ मध्ये जबाबदारी वाटून दिलीय, १३१ माल पाठवणाऱ्याची, १३२ वाहतूकदाराची, १३३ ड्रायव्हरची. तुमच्या वाटणीला काय तर मालाची लेखी माहिती, म्हणजे आपण ट्रेम कार्ड म्हणतो ते, केबिनमध्ये ठेवायचं (लायसन डिजिलॉकरमध्ये चालतं, हे मात्र कागदावरच ठेवा), आग-स्फोटाची खबरदारी घ्यायची, आन गाडी उभी केली तर सुरक्षित जागी आन कोणाच्या तरी नजरेखाली. म्हणून टँकर ढाब्यावर बेवारस सोडून तुम्ही आत जेवत बसलेले असाल, किंवा हॅझर्डचं लायसन संपलेलं असंल, तर लढण्यात काही राम नाही. हे लायसन संपायचं लई होतं, कारण साधं ट्रान्सपोर्टचं ५ वर्षं चालतं आन हॅझर्डचं ३ वर्षंच, लोक पाचच्या भरवशावर असतात.

याउलट कंपनीनं मालाची माहितीच लेखी दिली नाही, स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळी) मालकानं बसवला नाही, किंवा पाटी जुनी झाली आन मालकाला सांगूनबी बदलली नाही, तर सांगायला जागा आहे. पण भाबडं राहू नका, १९०(३) मध्ये "चालवणारा" आन "चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा" असे सगळेच येतात, म्हणून चूक मालकाची एवढं तोंडी म्हणून सुटका होत नाही, पुरावा लागतो. मालकाला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, गेटपास, भरताना काढलेला फोटो.

भाच्याकडं नेमकं हेच निघालं. टँकरवर धोक्याची पाटी तीन जागी पाहिजे, दोन्ही बाजूंना आन मागं, त्याच्यावर इथेनॉलचा यूएन नंबर (धोकादायक माल ओळखायचा जगभरचा नंबर) ११७०, मालाचं नाव, फोन नंबर वगैरे. आमचा क्लीनर हौशी, रोज डिझेलच्या फडक्यानं मागची पाटी पुसायचा, त्यात ११७० मधले पुढचे दोन्ही १ उडून गेले आन नुसतं ७० राहिलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं स्पीड लिमिट आहे. पण वीस दिवस आधी भाच्यानं त्याच पाटीचा फोटो मालकाला टाकला होता, "शेठ नंबर पुसट झालाय", आन शेठचं उत्तर होतं अंगठा.

त्या अंगठ्यावर मी म्हणलं कबूल करू नको. मालक आठ दिवस बोलला नाही, मंग वकिलाची निम्मी फी द्यायला तयार झाला, कारण फोटो कोर्टात गेला तर आपलंबी नाव निघतंय हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. निकाल काय लागंल ते मी छातीठोक सांगत नाही. तीन तारखा झाल्यात, चौथी पोळ्यानंतर आहे, तवर लायसन शाबूत आन पोरगं खेपा मारतंय. शेठनं रेडियमची नवी पाटी लावली, पण मागचीच, बाजूच्या दोन अजून तशाच आहेत आन भाच्यानं त्यांचेबी फोटो टाकलेत.