जुना कमिट शोधायचा: गिटहबवर का आपल्या मशीनवर?

आमच्याकडे दारव्ह्याच्या बाजूला लाइन गेली की टॉवरची रेंजबी जाते, म्हणून जुना कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, शोधायचा का मशीनवर, हा प्रश्न माझ्यासाठी रोजचाच हाय.

गिटहबवर सोपं पडते, मोबाईलवरूनबी होते. हॅश, म्हणजे कमिटचा ओळख-नंबर, माहीत असन तर ४० अक्षरं टाकायची गरज नाही, पहिली ७ बहुतेक पुरतात. फाईल माहीत असन तर हिस्ट्री (त्या फाईलचे सारे कमिट) नाहीतर ब्लेम उघडा, ब्लेममध्ये ओळीच्या बाजूलेच कोणी कधी बदलली ते दिसते. पण भाऊ, तिथला कमिट सर्च मेसेज, नाव, तारीख, हॅश असंच पाह्यते, कोडमधल्या बदलात शोधत नाही अन् तेबी फक्त डिफॉल्ट ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य फांदीत), मग मेसेजात कोणी नुसतं 'फिक्स' लिहून ठेवलं असन तर काय शोधता?

म्हणून मी मशीनवरच शोधतो. क्लोन करताना, म्हणजे सारा कोड हिस्ट्रीसकट मशीनवर उतरवताना, एकदा डेटा जाते, मग नेट नसलं तरी पूर्ण हिस्ट्री आपल्याजवळ. गिट लॉग या हिस्ट्री दाखवणाऱ्या कमांडला डॅश कॅपिटल एस लावून फंक्शनचं नाव दिलं की ते नाव ज्या कमिटात आलं किंवा गेलं तेच निघतात, डॅश डॅश ऑल जोडलं तर साऱ्या ब्रँचमधले. ओलिताच्या पंपाच्या टायमरचं गायब झालेलं फंक्शन मले असंच दोन मिनिटात भेटलं, गिटहबवर अख्खी सकाळ गेली होती. फक्त डेप्थ १ (नुसता शेवटचा कमिट) देऊन क्लोन करू नका, मागची हिस्ट्रीच येत नाही.

अन् काय शोधायचं तेच माहीत नसन, नुसतं काहीतरी बिघडलं एवढंच माहीत असन, तर गिट बायसेक्ट ही कमांड: एक चालणारा अन् एक बिघडलेला कमिट सांगितला की ती मधला तपासायले देते. दरवेळी निम्मे कमिट बाद होतात, १००० असले तरी १० तपासण्यांत भेटते.