‘उभ्या गाडीचं इंजिन, लायनर नवीन’: जुना सेट घेताना कुठं फसवतात

गळीत हंगाम तोंडावर आला की निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी पट्ट्यात जुन्या इंजिनांची शोधाशोध सुरू होते. उसाच्या फेऱ्या लागायच्या आत गाडी रस्त्यावर हवी असते, आणि आपलंच इंजिन उघडून बोअर-पिस्टन करत बसायला पंधरा दिवस कुणाकडं नसतात. मग ‘सेट’ बघितला जातो. ब्लॉक, हेड, पंप, टर्बो, क्लच, गिअर बॉक्स सगळं जोडलेलं. उचलायचं, बसवायचं, चालू करायचं. खाली ज्याची हकीकत आहे तो असाच एक सेट. घेणारा हुक्केरी तालुक्यातला एका गाडीचा मालक, विकणारा राज्याच्या हद्दीपलीकडचा. नावं कुणाचीच देत नाही.

माल होता टाटा कमिन्स ६बीटी आणि त्यामागं पाच गिअरचा सिंक्रोमेश बॉक्स. विकताना सांगितलं ते असं: “अण्णा, खाणीवरच्या गाडीचं इंजिन हाय, गाडी उभीच होती. क्रँक स्टँडर्ड, बोअर स्टँडर्ड, लायनर तर नवीन घातल्यात की!”

‘स्टँडर्ड’ म्हणजे कंपनीचं मूळ माप, कधी न घासलेलं. इंजिन उघडायची गरजच नव्हती. या बोलण्यातच चोरी दिसते.

६बीटीला कंपनीतून लायनर, म्हणजे सिलेंडरच्या आत बसवायची नळी, येतच नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या भोकात, चालतो. बोअर झिजला की ब्लॉक अर्धा मिलिमीटर मोठा करायचा, पुन्हा झिजला की एक मिलिमीटर, आणि तेही संपलं की मगच ब्लॉक कापून त्यात स्लीव्ह, म्हणजे लायनरसारखीच नळी, ठोकायचा. म्हणजे ६बीटीत ‘नवीन लायनर’ असेल तर त्या ब्लॉकचं निम्मं आयुष्य संपलेलं आहे, किंवा एखादा बोअर पिस्टन धरून (आत अडकून) फाटला होता. टाटाच्या जुन्या ६९७ ची गोष्ट वेगळी. त्यात ड्राय लायनर असतो, तो बदलणं हे नेहमीचं काम, त्यामुळं ६९७ विकणाऱ्यानं ‘लायनर नवीन’ म्हटलं तर वावगं नाही. लोकांच्या डोक्यात ६९७ ची सवय बसलेली असते आणि तेच बोलणं ६बीटीला चिकटवून खपवलं जातं.

दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून मापं बघितली की घोटाळा होत नाही. ६९७ म्हणजे ६ सिलेंडर, ९७ मिलिमीटर बोअर, नावातच आहे. (४९७ म्हणजे तोच बोअर, ४ सिलेंडर.) स्ट्रोक १२८, एकूण ५६७५ सीसी, मर्सिडीजच्या ओएम ३५२ ची हीच मापं. ६बीटीचा बोअर १०२, स्ट्रोक १२०, एकूण ५८८३ सीसी. लेलँडचं हिनो १०४ बाय ११३, ५७५९ सीसी. तिन्ही एकाच पंगतीतली, पण दुरुस्तीची वाट प्रत्येकाची निराळी. ६९७ मध्ये बघायचं ते लायनरची बैठक. लायनर वारंवार काढून घालून ब्लॉक सैल झालेला असेल तर लायनरमागं हवेची फट राहते, उष्णता ब्लॉकला पोचत नाही आणि चढाला पिस्टन धरतो.

आता ‘उभी होती’ याबद्दल. गोव्यातल्या खाणी २०१२ साली थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि टिपर ओळीनं उभे राहिले हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ‘खाणीवरचं’ म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, कमी चाललेलं इंजिन. पण कोकणपट्टीच्या पावसात उभं राहणं हे इंजिनाला चालण्यापेक्षा वाईट. ज्या सिलेंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले त्यात ओल शिरते, रिंग जिथं थांबली तिथं बोअरला गंजाची गोल रेघ पडते, पंपाचे प्लंजर चिकटतात, ऑइल सील लाकडासारखे होतात. आणि खाणीवर चाललं असेल तर लाल माती. एअर क्लीनर सोडवून त्याच्या पुढचा, इंजिनाकडं जाणारा होज काढायचा आणि आत बोट फिरवायचं. बोटाला तांबडी पूड लागली तर माती फिल्टर चुकवून आत गेली आहे. रिंगा आणि बोअर बघायचे राहिलेच नाहीत.

त्या सेटला जुना होज नव्हताच. नवा, चकचकीत लावला होता. जुन्या इंजिनाला एकच भाग नवा दिसला की तिथंच बघायचं.

चालू करून दाखवलं तेव्हा इंजिन एका स्टार्टमध्ये लागलं, धूर नाही, ऑइल प्रेशरचा काटा वर. यातली प्रत्येक गोष्ट तयार केलेली होती.

इंजिन आधीच गरम होतं. झिजलेल्या इंजिनाची खरी परीक्षा सकाळच्या गार स्टार्टला होते. कॉम्प्रेशन कमी असेल तर पांढरा धूर टाकत, कुंथत लागतं. म्हणून जाऊन पहिल्यांदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हात लावायचा. कोमट जरी लागला तरी ‘उद्या सकाळी येतो’ म्हणायचं आणि तास-दोन तास आधी, न सांगता जायचं.

इंजिनात नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑइल नव्हतं. त्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल मिसळलेलं होतं. जाड ऑइल सैल बेअरिंगमधून लवकर पळत नाही, म्हणून प्रेशर दिसतं, आणि रिंगांच्या फटीतही ते बसतं, म्हणून धूर दबतो. ऑइल बघायची पट्टी काढून उभी धरा. चांगलं ऑइल थेंब थेंब सुटतं, हे मधासारखं तार धरतं. वासही सांगतो, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. ६बीटीला पूर्ण गरम झाल्यावर आयडलला (उभ्या गाडीच्या मंद फेऱ्यांना) किमान ०.७ किलो आणि पूर्ण फेऱ्यांना २ किलो प्रेशर लागतं. चांगलं इंजिन यापेक्षा बरंच जास्त दाखवतं, पण गरम आयडलला ४ किलो दाखवणारं जुनं इंजिन ही शाबासकीची गोष्ट नव्हे, संशयाची आहे. काही जण रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागं वॉशर घालतात. त्यानं जास्त फेऱ्यांचं प्रेशर चढतं, आयडलचं चढत नाही, कारण आयडलला तो व्हॉल्व्ह उघडलेलाच नसतो. म्हणून वाचायचं ते आयडलचं, तेही गरम, आणि आपल्या मिस्त्रीचं साधं मेकॅनिकल गेज ब्लॉकवरच्या ऑइल गॅलरीच्या प्लगला लावून. डॅशबोर्डचा काटा सेंडर बदलला की हवं ते बोलतो.

ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारा, पाइप लांब करून चेसिसच्या आडोशाला वळवला होता. रिंगा गेल्या की जळका वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पात्रात, उतरतो आणि ब्रीदरमधून भकाभका बाहेर पडतो. तो दिसू नये एवढ्यासाठी ही सोय. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं तर पुढचं बोलणंच नको.

काळा धूर नव्हता, कारण पंपाचं डिझेल कापलं होतं. पंपाच्या सीलची तार तुटलेली किंवा नवी दिसली की हे समजायचं. असं इंजिन मोकळं छान फिरतं आणि तवंदी घाटात भरल्या गाडीला दुसऱ्या गिअरवर आणतं. टर्बोचा शाफ्ट पुढं-मागं हलत होता. आडवा किंचित हलला तर चालतो, पुढं-मागं हाताला जाणवेल इतका खेळ नको, आणि पात्याची टोकं घासलेली तर अजिबात नकोत. रेडिएटरच्या तळाला पिवळा गाळ होता: हळद. गळती थांबवायला ड्रायव्हर लोक घालतात, रस्त्यावर अडकल्यावर ठीक आहे. विकाऊ इंजिनात हळद सापडली तर पाणी कुठून जात होतं ते शोधायचं. इथं ब्लॉकच्या बाजूला चिरेवर एम-सील आणि त्यावर रंग होता. ताजा रंग नखानं, नाहीतर चावीच्या टोकानं खरवडून बघायला लाजू नये.

खरी चोरी मात्र चेंबर खाली आल्यावर दिसली. प्रेशर पडलं, आवाज सुरू झाला, म्हणून पहिल्याच आठवड्यात चेंबर उतरवावं लागलं. जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग. ६बीटीच्या क्रँकचं मेन जर्नल ८३ मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉडचं ६९. घासताना पाव, अर्धा, पाऊण आणि शेवटी एक मिलिमीटर कमी करतात. मायक्रोमीटरनं कनेक्टिंग जर्नल भरलं ६८. म्हणजे शेवटचं मापही वापरून झालं होतं; यापुढं क्रँक भंगारातच. बेअरिंगच्या पाठीवर माप कोरलेलं असतं, ते कानशीनं घासून काढलं होतं. जर्नलच्या कडेची गोलाई, म्हणजे जिथं जर्नल गालाला मिळतं तो वळणाचा भाग, एका जागी टोकदार सोडली होती. क्रँक तुटतो तो नेहमी तिथंच. बेळगावात उद्यमबागेत क्रँक घासणारे आणि चुंबकीय चाचणीनं चीर बघणारे आहेत. क्रँक हातात आल्यावर आधी चीर तपासावी, मग घासायचं की नाही ते ठरवावं.

बोअरला बारीक तिरप्या रेघांची सुरेख जाळी होती, नव्या बोअरला असते तशी. तीही फसवणूकच. झिजलेल्या बोअरमध्ये होनिंगचा दगड फिरवला की जाळी उमटते, माप परत येत नाही. बोअर गेजनं वर, रिंग जिथं वळते तिथं एकदा आणि तळाला एकदा, दोन्ही दिशांनी माप घ्या. ६बीटीला वर-खाली फरक ०.०७६ मिलिमीटरपर्यंत आणि लंबगोलपणा ०.०३८ पर्यंत चालतो. इथं पाच बोअर एक मिलिमीटर मोठे केलेले, वर झिजलेले, आणि एकात स्लीव्ह. स्लीव्हच्या तळाला ब्लॉकमध्ये पायरी ठेवलेली नव्हती. असा स्लीव्ह खाली सरकतो आणि हेड गॅस्केट मारतो.

चेंबर विकत घेण्याआधीच उतरवला असता तर? बोल्ट काढायला आणि एक कनेक्टिंगची टोपी खोलायला अर्धा दिवस पुरतो. ऑइलचा आणि गॅस्केटचा खर्च आपण द्यायची तयारी दाखवायची. तरीही विकणारा ‘सील केलेलं इंजिन आहे, उघडू नका’ म्हणाला तर इसार देऊ नये. चेंबर उतरवायचाच नसेल तर निदान क्लच दाबताना क्रँकची पुढची पुली बघा. ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त पुढं सरकली तर थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारं) गेलं आहे. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत हे हमखास.

गिअर बॉक्समध्ये ग्रीस भरलं होतं. आवाज गप्प करायची ही जुनी युक्ती, पूर्वी लाकडाचा भुसा घालत. ड्रेन प्लग काढून ऑइल स्वच्छ डब्यात घ्यायचं आणि त्यात चुंबक फिरवायचा. राखाडी चिखल लागला तर नेहमीची झीज. चकचकीत तुकडे लागले तर दात किंवा बेअरिंग. पिवळे कण दिसले तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून असलेली पितळी रिंग. पिवळी पूड चुंबकाला लागत नाही, ती उन्हात धरून बघावी लागते. वरचं झाकण उघडून तिसऱ्या गिअरचे डॉग दात, म्हणजे गिअर धरून ठेवणारे बाजूचे छोटे दात, बघा. टोकाला गोल झाले असतील तर उतारावर पाय सोडला की गिअर सुटतो. चोर्ला घाटात भरल्या गाडीचा गिअर सुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. सिंक्रो रिंग कोनवर हातानं दाबून फिरवायची, गच्च धरली पाहिजे. आणि रेशो मोजायचा: पहिला गिअर टाकून मागचा फ्लँज एक फेरा फिरेपर्यंत पुढचा शाफ्ट किती फेरे घेतो ते खडूची खूण करून मोजा, मग टॉपमध्ये मोजा. मागचा फेरा पुढच्यापेक्षा जास्त निघाला तर बॉक्स ओव्हरड्राइव्हचा आहे, सपाटीच्या लांब पल्ल्याचा. शेतातून ऊस ओढायला नव्हे. बॉक्समध्ये जीएल-४ ऑइल घालावं. डिफरन्शिअलचं जीएल-५ उरलं म्हणून बॉक्सात ओतलं तर त्यातली रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात.

राहिली कागदाची बाजू, आणि सीमाभागात ती जास्त नडते. ब्लॉकवर नंबरची जागा ग्राइंडरनं घासून नवे अंक ठोकले होते. मूळ अंक एका ओळीत, एका खोलीचे असतात. हातानं ठोकलेले वर-खाली जातात आणि भोवतीचा पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. असं इंजिन केए-२२ किंवा केए-२३ च्या (बेळगाव-चिक्कोडीकडच्या) गाडीत बसवलं की फिटनेसला अडतं, अपघात झाला तर विमावाला बोट ठेवतो, आणि इंजिन चोरीचं निघालं तर गाडी पोलिसांच्या आवारात. इंजिन बदलल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं, तेव्हा मूळ गाडीचा नंबर आणि बिल हाताशी हवंच. मूळ गाडी कोल्हापूरकडची एमएच-०९ ची असो की गोव्याची, तिचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून इंजिनाचा मेळ घ्यावा, तोही पैसे मोजायच्या आधी.

त्या मालकाकडं पावती होती, पण तिच्यावर एवढंच: ‘जुना माल, पाहून घेतला, तक्रार नाही.’ अशा पावतीवर सही करू नये. इंजिनाचा नंबर, बॉक्सचा नंबर, मूळ गाडीचा नंबर, ‘क्रँक माप अमुक, बोअर माप अमुक’ असं लिहून घ्यावं. पैसे खात्यावर पाठवावेत. विकणारा दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे बेळगावात. धंद्यासाठीची खरेदी त्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी एक गाडी स्वतः चालवणारा बसू शकतो, म्हणून अर्जात ते स्पष्ट लिहावं. जोडायला चेंबर उतरवतानाचे फोटो, मायक्रोमीटरची मापं लिहिलेला मशीन शॉपचा कागद आणि काढलेली बेअरिंगं, पाठ घासलेली असली तरी, जपून ठेवावीत. भंगारवाल्याला घालू नयेत.