व्हाइटहेवन की सीहॅम? समुद्राकाठचं जुनं खाणगाव बघायचं असेल तर

इंग्लंडच्या उत्तरेत जायचं ठरलं की लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्क आणि डरहॅमचं कॅथीड्रल ही नावं आपोआप यादीत येतात. त्यातलाच एखादा दिवस कोळशावर वाढलेल्या समुद्रकाठच्या गावाला द्यायचा असेल, तर माझ्या मते निवड दोन गावांत आहे. पश्चिम किनाऱ्यावर, कंब्रियातलं व्हाइटहेवन. पूर्व किनाऱ्यावर, काउंटी डरहॅममधलं सीहॅम. दोन्ही गावं एकेका जमीनदार घराण्यानं कोळसा जहाजांत भरण्यासाठी वाढवली. दोन्हीकडच्या खाणी समुद्राच्या तळाखाली दूरवर गेल्या होत्या. पण आज तिथे गेल्यावर मिळतं ते अगदी वेगळं. व्हाइटहेवनमध्ये कोळशाच्या खुणा दगडात उभ्या आहेत. सीहॅममध्ये त्या जवळजवळ सगळ्या पुसल्या गेल्या. जे उरलं ते पुळणीवर आणि लोकांच्या मनात आहे.

आधी व्हाइटहेवन, कारण बघण्यासारखं तिथे जास्त आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाउदर घराण्यानं आखलेलं हे गाव. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि ओळीनं उभी जॉर्जियन काळातली, म्हणजे साधारण अठराव्या शतकातली घरं अजून तशीच आहेत. बंदरातला ओल्ड की हा दगडी धक्का 1630च्या दशकातला. याच बंदरातून कोळसा आयर्लंडला, मुख्यतः डब्लिनला जायचा. शेजारच्या एका धक्क्याचं नाव आहे शुगर टंग. कॅरिबियन बेटांतून साखर आणि रम येई, अमेरिकेतून तंबाखू येई, आणि इथली काही जहाजं गुलामांच्या व्यापारातही होती. बंदराचं देखणेपण बघताना हे विसरू नये असं मला वाटतं.

खरं आकर्षण मात्र गावाच्या दक्षिणेला, कड्याच्या पायथ्याशी आहे. सॉल्टम पिट ही समुद्राच्या तळाखालचा कोळसा काढण्यासाठी खोदलेली इंग्लंडमधली पहिली खाण. 1729 मध्ये काम सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत उभी विहीर सुमारे 138 मीटर खोल गेली. ती खोदणारा कार्लाइल स्पेडिंग हा विलक्षण माणूस होता. खाणीत साचणारा ज्वालाग्राही वायू त्यानं नळीतून वर आणला आणि त्यावर गावातले रस्ते उजळून देण्याची तयारी दाखवली. गावकारभाऱ्यांनी ती नाकारली. दिव्याच्या उघड्या ज्योतीनं स्फोट होतात म्हणून त्यानं पोलादी चाक गारगोटीवर घासून ठिणग्यांचा उजेड देणारं यंत्र काढलं. 1755 मध्ये तो स्वतः खाणीतल्या वायूच्या स्फोटात गेला. सॉल्टमचे अवशेष वरूनच बघा, कारण कडा ढासळता आहे. त्याच कड्यावर हेग पिटचा, माणसं आणि कोळसा वर-खाली नेण्यासाठीचा लोखंडी मनोरा उभा आहे. ही इथली शेवटची खोल खाण, 1986 मध्ये बंद झाली.

बंदरावरच्या टेकाडावर मेणबत्तीच्या घरासारखी दिसणारी एक चिमणी आहे. गावकरी तिला कॅंडलस्टिकच म्हणतात. ती वेलिंग्टन पिटची. 11 मे 1910 रोजी या खाणीत आग लागून 136 माणसं आणि पोरं दगावली. आत अडकलेल्यांपैकी काहींनी खडूनं लिहून ठेवलं होतं, इथे हवा ठीक आहे, आम्ही पस्तीस जण आहोत. आग विझवण्यासाठी शेवटी खाणीचं तोंड बंद करावं लागलं, आणि मृतदेह बाहेर यायला महिने गेले. पुढे 1947 मध्ये विल्यम पिटमध्ये आणखी 104 जण गेले. चिमणीखाली उभं राहून बंदरातल्या शिडाच्या नौका बघताना हे आकडे माहीत असलेले बरे. बंदरालगतच्या बीकन संग्रहालयात हा इतिहास नीट मांडला आहे.

आता सीहॅम. इथे यादी छोटी, पण परिणाम मला जास्त खोल वाटतो. लंडनडेरीचा तिसरा मार्क्विस या सरदारानं 1828 मध्ये इथे बंदर बांधायला घेतलं, ते आपल्या खाणींचा कोळसा सरळ इथूनच पाठवता यावा म्हणून. त्याआधीचं सीहॅम म्हणजे छोटीशी वस्ती, सातव्या शतकाच्या अखेरीचं सॅक्सन चर्च आणि सीहॅम हॉल. 2 जानेवारी 1815 रोजी कवी बायरनचं लग्न याच हॉलमध्ये झालं, आणि त्याच वर्षी जन्मलेली त्यांची मुलगी म्हणजे गणितज्ञ एडा लव्हलेस. हॉलचं आता महागडं हॉटेल आहे.

इथे तीन खाणी होत्या: सीहॅम, डॉडन आणि व्हेन टेम्पेस्ट. डॉडन 1991 मध्ये बंद झाली, व्हेन टेम्पेस्ट 1993 मध्ये. मनोरे पाडले, जागेवर घरं आणि कार्यालयं आली. गाव फिरून आलेल्या माणसाला इथे खाणी होत्या हे कळणारही नाही. मग बघायचं काय? पुळण. खाणीतून निघालेला दगड-माती-कोळशाचा टाकाऊ गाळ कित्येक दशकं सरळ या किनाऱ्यावर टाकला जायचा. लाटा काळ्या दिसत. 1997 ते 2002 या काळात सुमारे एक कोटी पौंड खर्चून हा किनारा साफ करण्यात आला. तरी डॉडनजवळच्या ब्लास्ट बीचवर तो गाळ अजून थरांनी दिसतो, वर फिकट चुनखडीचे कडे आणि खाली तांबूस-काळी जमीन. उरलेलं काम समुद्र दर वर्षी थोडं थोडं करतो आहे. संग्रहालयाच्या काचेआड न मिळणारी गोष्ट इथे पायाखाली असते.

आणि काच. 1853 पासून 1921 पर्यंत इथे बाटल्यांचा मोठा कारखाना होता. उरलेली, फुटलेली काच समुद्रात टाकली जायची. शंभर वर्षं लाटांत घासून तिचे गुळगुळीत, रंगीत खडे झालेत. वादळानंतरच्या ओहोटीला ते वेचायला लोक लांबून येतात. लहान मुलं बरोबर असतील तर निर्णय इथेच झाला म्हणायचा.

सीहॅमचंही दुःख व्हाइटहेवनइतकंच मोठं आहे. 8 सप्टेंबर 1880 रोजी सीहॅम खाणीत दीडशेहून अधिक जण गेले. मायकेल स्मिथ नावाच्या कामगारानं मरण्यापूर्वी आपल्या पत्र्याच्या पाण्याच्या बाटलीवर बायकोसाठी निरोप कोरला. घरी आजारी असलेल्या तान्ह्या मुलाची काळजी त्यात आहे. व्हाइटहेवनचा खडू आणि सीहॅमची ही बाटली मी मनात नेहमी शेजारी शेजारी ठेवतो.

आजच्या घडीलाही दोन गावांची कोळशाशी सांगड वेगळी आहे. व्हाइटहेवनला नव्या खाणीला डिसेंबर 2022 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली होती, ती सप्टेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. नोकऱ्या की हवामान, यावर गाव खरोखर दुभंगलं होतं. तिथे कुणाशी बोलणं निघालं तर हे ध्यानात ठेवून ऐकावं. सीहॅममध्ये मात्र बंद खाणीतलं कोमट पाणी उपसून त्याच्या उष्णतेवर नवी घरं उबदार ठेवण्याची योजना आखली गेली.

प्रवासाचं म्हणाल तर सीहॅम सोपं. लंडनहून न्यूकॅसल तीन तासांच्या आसपास, पुढे संडरलंडमार्गे लोकल गाडीनं पाऊणेक तास. व्हाइटहेवनला कार्लाइलहून किनाऱ्याची गाडी घ्यावी लागते, ती तासाहून जास्त घेते आणि फेऱ्याही कमी. पण शेवटच्या टप्प्यात रूळ अगदी लाटांच्या कडेनं जातात, त्यासाठी हळू गाडीही चालेल. जवळच सेंट बीज हेडचे समुद्रपक्ष्यांचे कडे आहेत, म्हणून व्हाइटहेवनला एक रात्र तरी राहा. सीहॅम न्यूकॅसल किंवा डरहॅममध्ये मुक्काम ठेवून एका दिवसात होतं.

माझं मत विचाराल तर इतिहासाची आवड असलेल्यानं, हातात दोन दिवस असतील तर, व्हाइटहेवनच घ्यावं. एकच दिवस असेल, बरोबर मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर सीहॅम. मात्र भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, कारण भरतीला कड्यांखाली अडकण्याचा धोका खरा आहे.

सायकल चालवणाऱ्यांना तर निवड करावीच लागत नाही. व्हाइटहेवनच्या बंदरातून सुरू होणारा सी-टू-सी हा सायकलमार्ग देश ओलांडून संडरलंडला संपतो. निघताना मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं चाक उत्तर समुद्रात, अशी पद्धत आहे. तिथून सीहॅम दक्षिणेला जेमतेम पाच-सहा मैल.