शनिवारवाडा की पेठेतला वाडा?

पुण्यातील मुलांनी आपल्याच गावात दडलेल्या दुष्ट शक्तीला सामोरे जावे, अशी भयकादंबरी कुमारांसाठी लिहायची झाल्यास ती शक्ती कोठे वसवावी, हा पहिला प्रश्न असतो. शनिवारवाडा चटकन सुचतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक तर पुण्यातील मुले लहानपणापासून ऐकत आलेली असतात. मात्र त्यामुळेच पुढे काय घडणार याचा अंदाज वाचकाला आधीच येतो, शिवाय तिकीट काढून पाहायच्या वास्तूशी पंधरा वर्षांच्या मुलाचे रोजचे नाते जुळत नाही.

नदीकाठच्या पेठेतील जुन्या वाड्याचे तसे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी अशा कित्येक वाड्यांत शिरले. जिन्याखालची कायम कुलूपबंद खोली, तिच्या भिंतीवर मुलाच्या डोक्याच्याही वर दिसणारी पुराची मळकट रेघ आणि त्या खोलीविषयी विचारताच निवडत असलेल्या मेथीकडे मान वळवणारी आजी, एवढे साहित्य मला पुरेसे वाटते. येथे भीती वडीलधाऱ्यांच्या मौनातून उगवते, आणि ज्यांच्यावर आपण विसंबतो त्यांनीच काहीतरी झाकून ठेवले आहे, हे कळण्याचे वय नेमके हेच असल्याने हा पर्याय मला निःसंशय सरस वाटतो. शनिवारवाडा घ्यायचाच असेल, तर शाळेच्या सहलीच्या एका प्रकरणापुरता घ्यावा.