‘पाचशे बॅकलिंक, पहिलं पान गॅरंटी’ : कर्द्याच्या एका होमस्टेची फसवणूक

दापोली तालुक्यात कर्द्याला माझ्या ताई-भावोजींचं छोटं होमस्टे आहे. गेल्या पावसाळ्यात बुकिंग थंडावलं होतं, तेव्हा भावोजींना एका एसईओवाल्याचा, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणून देतो म्हणणाऱ्याचा, फोन आला. पाचशे बॅकलिंक लावून देतो, सहा महिन्यांत साइट गूगलच्या पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी. महिन्याला बारा हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. माणूस अस्खलित मराठी बोलणारा, दोन वाक्यांत एकदा ‘दादा’ म्हणणारा. पैसे पोचले, आणि दिवाळीच्या हंगामात साइट आधी दिसायची तिथेही दिसेना. त्याच गावात आणखी दोघांना असाच फोन येऊन गेलाय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ही फसवणूक पटकन ओळखू येत नाही, कारण बॅकलिंकचं महत्त्व खरं आहे. दुसऱ्या कुणाच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना पेजरँक ही पद्धत काढली आणि १९९८ साली तिच्या पायावर गूगल उभं राहिलं. एखाद्या पानाकडे किती लिंक येतात एवढंच त्यात मोजत नाहीत. लिंक देणारं पान स्वतः किती वजनाचं आहे हेही बघतात. स्थळाची चौकशी करताना आपण गावातल्या चार जाणत्या माणसांचं मत घेतो, पैसे देऊन उभ्या केलेल्या शंभर जणांचं नाही, तसंच हे. आज गूगल क्रम लावताना इतरही पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंक अजून त्यात आहेत. विकणारा या अर्ध्या सत्याचा फायदा घेतो. वजनाचं बोलत नाही, फक्त आकडा सांगतो.

महिनाअखेरीस भावोजींना एक एक्सेल शीट यायची. शेकडो पत्ते, आणि प्रत्येकापुढे ‘डीए ५५’, ‘डीए ६२’ असे आकडे. हा डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइट शोधात किती वर येऊ शकेल याचा मॉझ नावाच्या खासगी कंपनीने तयार केलेला अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही. ग्राहकाला मात्र तो गूगलनेच दिलेल्या गुणांसारखा वाटतो.

मी त्या शीटमधले पत्ते एकेक करून उघडत गेलो. काही उघडलेच नाहीत. काही ठिकाणी परदेशी जुगाराच्या जाहिराती, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘दापोली बीच होमस्टे’. कुठे कुणाच्या तरी जुन्या लेखाखालच्या प्रतिक्रियांमध्ये आमची लिंक चिकटवलेली. काही साइट मुदत संपलेली जुनी डोमेनं, म्हणजे साइटची नावं, विकत घेऊन उभ्या केलेल्या : वर नाव एका शाळेचं, आत कर्ज, औषधं, होमस्टे, सगळं एकत्र. आणि बऱ्याच लिंकांवर ‘नोफॉलो’ची खूण. ही खूण २००५ पासून आहे. ‘या लिंकची शिफारस मी करत नाही’ असं ती सर्च इंजिनला सांगते. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून आपल्या साइटचा पत्ता शोधला, की ती कुणालाही दिसते.

‘पहिल्या पाना’चा पुरावा म्हणून आलेले स्क्रीनशॉट तर मला सगळ्यात जास्त खटकले. होमस्टेचं पूर्ण नाव आणि पुढे ‘कर्दे’ एवढं टाइप करून केलेला तो शोध होता. ते नाव दुसऱ्या कुणाचंच नाही, त्यामुळे साइट वर येणारच. ज्या पाहुण्याला नावच माहीत नाही, तो ‘दापोली समुद्रकिनारी राहण्याची सोय’ असं काहीतरी शोधतो. त्या शोधाचा एकही स्क्रीनशॉट नव्हता.

विकतच्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत, हेही त्याने कधी सांगितलं नाही. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीचं असं लिंकांचं जाळं न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघड केलं, तेव्हा गूगलने त्यांची साइट बऱ्याच शोधांत पार खाली नेली. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन हा बदल खास अशा लिंकांसाठी आला. २०१६ पासून तो बनावट लिंकांना मुख्यतः शून्य किंमत देतो. म्हणजे छत्तीस हजार देऊन बहुतेक शून्यच विकत घेतलं. फार उघड प्रकार असेल तर गूगलची माणसं स्वतः कारवाई करतात. ती झाली असेल तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटची शोधातली स्थिती मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीत, ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’खाली दिसते. आमच्याकडे ते बघणंही सोपं नव्हतं, कारण सर्च कन्सोलची मालकी त्याने स्वतःच्याच ईमेलवर घेऊन ठेवली होती.

मालकी परत मिळवली तेव्हा कारवाई कुठलीच दिसली नाही. मग साइट खाली का गेली? ‘डिझाइन सुधारतो’ म्हणून त्याने पानांचे पत्ते बदलले होते आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळण दिलंच नव्हतं. पूर्वी ताईकडे राहून गेलेल्या एका पक्षिनिरीक्षकाने आपल्या ब्लॉगवर, पुण्याच्या एका सायकल ग्रुपने आपल्या साइटवर, न मागता ताईच्या घराबद्दल लिहिलं होतं. त्या खऱ्या लिंका ‘पान सापडत नाही’वर येऊन आदळत होत्या. वर्षानुवर्षं पाहुण्यांना जेवू घालून मिळालेली ही शिफारस त्या माणसाने मोडून ठेवली, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. वळणं आता लावली आहेत आणि साइट हळूहळू वर येते आहे.

पुढचे पैसे थांबवल्यावर ‘लिंका काढून घेईन, मग बघा’ अशी धमकी आली. काढू द्या. त्यानंतर दुसऱ्याच एकाचा फोन आला : तुमच्या साइटवर विषारी लिंका आहेत, वीस हजारांत साफ करून देतो. हा याच धंद्याचा दुसरा भाग आहे. नको त्या लिंका नाकारायची सोय गूगल स्वतः फुकट देतं, आणि बहुतेक साइटना तिची गरज पडत नाही असंही सांगतं.

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय. तशी लेखी हमी हातात असेल तर ती जपून ठेवा. तक्रारीत तोच पुरावा आहे. ताईने करार, शीट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ‘तुमचा तर व्यवसाय आहे, तुम्ही ग्राहक कसले?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसू शकते. पैसे नुकतेच गेले असतील आणि समोरचा गायब असेल, तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावा. आणि डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), सर्च कन्सोल, गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर आहे, ते आज संध्याकाळीच तपासून घ्या.