ब्रेक अपग्रेडच्या नावाखाली नुसता लाल रंग

इंग्लंडात जुनी एमजी, ट्रायम्फ वगैरे बाळगणाऱ्या मंडळींनी हे जरा नीट वाचा. इंजिनाचं काम खोटं केलं तर गाडी लगेच बोंबलते, ब्रेकचं मात्र गावातल्या गावात फिरताना काही म्हणजे काही कळत नाही, आणि हेच काही लोकांच्या पथ्यावर पडतं.

माझी 1972 ची एमजीबी, स्पोकची चाकं. हिला कंपनीतूनच पुढं डिस्क, मागं ड्रम. एका वर्कशॉपनं (नाव देत नाही, प्रकरण चालू आहे) पुढं चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), व्हेंटेड म्हणजे मधे हवेला फट असलेली डिस्क, नवे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज आणि सगळं फ्लुइड बदलून 1,150 पाउंड सांगितले. 300 कार्डावर घेतले, बाकीचे "ट्रान्स्फर करा, थोडं कमी करतो" म्हणून खात्यात. गाडी हातात आली तेव्हा स्पोकमधून लालभडक कॅलिपर दिसत होते, पेडलही कडक.

मग पीक डिस्ट्रिक्टात विनॅट्स पास उतरताना, तिथं साधारण पाच फुटाला एक फूट उतार आहे, पेडल हळूहळू खाली जायला लागलं आणि शेवटी पार फ्लोअरला टेकलं. बायको शेजारी. खालचा गिअर, हँडब्रेक, कशीबशी खाली आणून उभी केली. मेकॅनिकनं चाक काढलं तर ब्लीड निपलपाशी (फ्लुइडमधली हवा काढायच्या तोंडापाशी) फ्लुइड पाझरून तिथला लाल रंग दुधावरच्या सायीसारखा सुटून आलेला, ब्रेक फ्लुइड रंग खातं ना, आणि खाली गंजलेला मूळचाच कॅलिपर, दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन. डिस्क भरीव. जुन्या रबरी होजवर जाळीचं कव्हर गुंडाळून टोकाला झिपटाय मारलेले! फ्लुइड तपकिरी. नवं डॉट 4 जातीचं ब्रेक फ्लुइड किमान 230 अंशापर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की तोच आकडा 155 पर्यंत येतो, लांब उतारावर ते उकळून वाफ होते आणि पेडल दाबलं तरी जोर लागत नाही.

आता मुद्दा असा की 40 वर्षांपुढच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून एमओटी, म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणी, सक्तीची नाही, म्हणजे गाडीखाली डोकावणारा तिसरा माणूसच नाही. पण हौसेनं करून घेता येते, ती ब्रेकच्या कामानंतर नक्की करा. पैसे द्यायच्या आधी चाक काढून दाखवायला सांगा, व्हेंटेड डिस्कला कडेनं बघितलं की दोन पत्र्यांमध्ये फट दिसते, त्याला मेकॅनिक असायची गरज नाही, आणि जुने पार्ट खोक्यात घालून परत मागा. तसं बघायला गेलं तर नेहमीच्या फिरण्याला एमजीबीचे मूळ ब्रेकच भरपूर आहेत, चांगले पॅड, नवे होज, ताजं फ्लुइड, बास. पण विकणारा हे कशाला सांगेल.

पैशांचं म्हणाल तर क्रेडिट कार्डावर नुसतं डिपॉझिट दिलेलं असलं तरी कामाची किंमत 100 ते 30,000 पाउंडांच्या मधे असेल तर कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या सेक्शन 75 खाली पूर्ण रकमेचा दावा कार्ड कंपनीकडं करता येतो. तो केलाय. त्यांनी दुसऱ्या इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट मागितला, तो फोटोंसकट पाठवलाय. वर्कशॉपवाला म्हणतोय पार्ट मीच नंतर काढून विकले. कार्डवाल्यांनी नाही म्हटलं तर स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, जाणार.